गोधडी शिवायला घेण्याआधी : कापड निवडणं, कापणं, लावून ठेवणं

मनवा

नमस्कार मंडळी. गोधडीचे टाके, दोरा, सुई यावर बरंच बोललं जातं, पण सुईत दोरा ओवायच्या आधी जे काम असतं त्याबद्दल एका जागी नीट काही सापडत नाही, म्हणून धागा काढतेय. माझ्याकडे आईच्या सुती साड्या आहेत, आजीची दोन नऊवारी लुगडी, बाबांचे शर्ट, ब्लाउजपीस तर कितीतरी, आणि टेलरकडून आणलेलं चिंध्यांचं एक मोठं बोचकं. यातून ५ फूट बाय ७ फूट अशी एक गोधडी करायची आहे, वरून चौकोन जोडलेली आणि आत लुगडी घातलेली, आणि बहिणीच्या बाळासाठी एक दुपटं. मशीन घरी आहे, शिवण येतं, चौकोन मशीनवर जोडून धावदोरा हातानेच घालणार आहे.

प्रश्न असा की सुरुवात कुठून करायची. सगळं आधी कापून डब्यात भरावं की डिझाइन ठरेपर्यंत कातरच लावू नये? चौकोन केवढा? जुनं नवं एकत्र चालतं का? आणि मी डावखुरी आहे, सरळ कापायला मला नेहमी जास्त वेळ लागतो, त्यावरही कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

एडिसनची_सई

मस्त धागा मनवा, मला यावर खूप बोलायचंय. इकडे न्यू जर्सीत आमचा क्विल्ट करणाऱ्या बायकांचा ग्रुप आहे आणि इथली पद्धत म्हणजे कापड घरात आलं की धुवायचं, इस्त्री करायची आणि उरलेले तुकडे ठरलेल्या मापात कापूनच ठेवायचे, अडीच इंचाच्या पट्ट्या, ५ इंचाचे चौकोन, १० इंचाचे चौकोन. दुकानातसुद्धा याच मापाचे कापलेले गठ्ठे मिळतात आणि फॅट क्वार्टर म्हणून १८ बाय २२ इंचाचा तुकडा मिळतो, त्यामुळे बहुतेक डिझाइनं या मापांवरच बेतलेली असतात. मापं ठरलेली असली की चिंध्यांचा ढीग हा ढीग राहत नाही, कधीही डबा उघडा आणि जोडायला बसा.

डावखुरी असशील तर रोटरी कटर घेच. ४५ मिलिमीटरची गोल पाती असते, खाली मॅट, वर ॲक्रिलिकची ६ बाय २४ इंचाची पट्टी. कात्री उजव्या हाताची असली तर डाव्या हातात पाती एकमेकींपासून लांब ढकलली जातात आणि रेघ पात्यामागे लपते, तुझा वेळ तिथे जातोय. कटरला तो प्रश्न नाही, पट्टी उजव्या हाताने दाबायची आणि तिच्या डाव्या कडेने कटर चालवायचा. फक्त प्रत्येक काप झाला की पाती आत घ्यायची सवय लाव, ती पाती फार धारदार असते, आणि पट्टी दाबणारी बोटं कडेपासून आत हवीत.

मास्तर_सांगली

मनवाताई, मी शर्टाच्या कारखान्यात कटिंग केलेलं आहे आणि आता घरी नातवंडांसाठी गोधड्या करतो. सईताईंचं नव्या कापडाला बरोबर आहे पण तुमच्याकडे जुनं आहे, तिथे घाईने कापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कापडातून लहान कधीही निघतं, लहानाचं मोठं होत नाही. आधी गोधडी कागदावर काढा, किती चौकोन लागतात ते मोजा, मग कातर.

तुमच्याच मापाचा हिशोब सांगतो. ५ बाय ७ फूट म्हणजे ६० बाय ८४ इंच. शिवून झाल्यावर ६ इंच दिसेल असा चौकोन घेतला तर १० आडवे आणि १४ उभे, एकूण १४०. पाव इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारं जास्तीचं कापड, चारी बाजूंनी, म्हणजे कापायचा साडेसहा. ४४ इंच पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, एका पट्टीत ६ बसतात, एका मीटरमध्ये अशा ६ पट्ट्या, म्हणजे मीटरला ३६ चौकोन, ४ मीटरमध्ये १४४ निघाले आणि काम झालं. ३६ पन्हा असेल तर मीटरला ३०च निघतात, मग ५ मीटर धरा. कपडे शिवणारे बहुतेक जण अर्धा इंच माया सोडतात, ती सवय इथे सोडायची, कारण आतली माया जितकी जाड तितकी सुई हातात दुखते.

आणि माप सुतात सांभाळा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. पण प्रत्येक चौकोन एक सूत कमी भरला तर १४ चौकोनांच्या रांगेत पावणेदोन इंच कमी पडतात, शेजारची रांग बरोबर कापलेली असेल तर दोन्ही जुळायच्या नाहीत, आणि मग माणूस कापड ओढून ओढून शिवतो आणि गोधडीला झोळ येतो. बऱ्याच वेळा झोळ शिलाईमुळे आला असं लोकांना वाटतं, मुळात तो कापण्यात असतो.

एडिसनची_सई

मास्तरकाका, सूत हे माप फार छान, आमच्या पट्ट्यांवर आठवा भाग असतोच फक्त त्याला आम्ही नाव दिलेलं नव्हतं. पण एक विचारते, चिंध्यांचं काय? ते तर आधीच लहान आहेत, त्यांना कशाला थांबायचं?

मास्तर_सांगली

चिंध्यांना थांबू नका, बरोबर आहे. टेलरकडच्या चिंध्यांत एकच अडचण असते, काखेतला तुकडा, गळ्याचा तुकडा, सगळे तिरके कापलेले, कडेवरून उभा धागा आडवा धागा कळत नाही. एक धागा ओढून काढायचा, तो जातो ती खरी सरळ रेघ. उभ्या धाग्यात कापड ताणत नाही, आडव्यात जरा देतं, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं असेल तर रबरागत लांबतं. चौकोनाच्या चारही कडा सरळ धाग्यावर पाहिजेत. उरेब तुकडे टाकू नका, ते पट्ट्या कापून वेगळे ठेवा, गोल कडेला गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावायचा असला तर उरेब पट्टीच लागते.

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातून लिहितेय, आमच्या बचत गटात वाकळांची, म्हणजे गोधड्यांची, ऑर्डर घेतो. मनवा, तू विचारलंस की कशापासून सुरू करू, तर माझं सांगणं की रंग बघायच्या आधी कापडाचा जीव बघ. सगळ्या नवशिक्या बाया रंगाचे ढीग लावतात, लाल एकीकडे निळं एकीकडे, आणि त्या लालमध्ये एक नवं कोरं केंब्रिक असतं, एक वीस वर्षं वापरलेली साडी असते आणि एक पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट असतं. ते शेजारी शेजारी जोडलं की पहिल्या दोनचार धुण्यांत जुनं फाटतं, नव्याच्या कडेनेच फाटतं, कारण नवं त्याला ओढतं.

म्हणून आमच्याकडे पहिली छाननी अशी असते. कापड उजेडाकडे धरायचं, विरळ दिसलं तर बाजूला. मग दोन्ही अंगठ्यांनी उभं आडवं ताणायचं, चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर ते वरच्या बाजूला घ्यायचंच नाही. टाकायचंही नाही, ते आत भरायला उत्तम, आत त्याला घासणं नाही आणि जुन्या सुताएवढी ऊब आणि मऊपणा कशालाच नाही. जे मजबूत राहिलं त्याचेच जाड, मध्यम, पातळ असे तीन गठ्ठे करायचे. वॉयल, मलमल पातळमध्ये. शर्टाचं पॉपलीन, टू बाय टू, केंब्रिक मध्यममध्ये. चादरी, पडदे जाडमध्ये, ते शक्यतो खालच्या अस्तराला. एका वाकळीच्या वरच्या अंगाला एकाच गठ्ठ्यातलं कापड. रंग त्याच्यानंतर.

टेरिकॉट ओळखता येत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा, सुती कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. मोरीत नाहीतर सिंकवर कर, पाणी जवळ ठेवून.

श्रावणी_आपटा

छान माहिती कृष्णाकाठ ताई. मनवा मला मनापासून एक सांगायचंय, आजीच्या लुगड्याचे चौकोन करू नकोस ग. आमच्या घरी कधी लुगडं कापलं गेलं नाही, अख्खं पसरून थर म्हणून आत जायचं आणि वर कशाची तरी ठिगळं. अंगावर घेतल्यावर आजी आत आहे हे माहीत असायचं, ती ऊब वेगळी. चौकोन पाडून ते कुठेकुठे विखुरलं की ते लुगडं राहत नाही.

मनवा

श्रावणी, मीही तोच विचार करत होते, आत घालायचंच आहे, पण एक लुगडं इतकं सुंदर हिरवं आहे की ते दिसायलाही हवं असं वाटतं. दोन्ही कसं जमवू?

मास्तर_सांगली

दोन्ही जमतं. लुगडं ९ वार म्हणजे साधारण ८.२ मीटर. तुमच्या ५ बाय ७ फुटाला ते आडवं घाला, म्हणजे ६२ इंचाचे दोन तुकडे एकाखाली एक ठेवायचे, प्रत्येकाचा पन्हा ४४-४५ इंच, दोन मिळून ८८ झाले, मध्ये थोडं एकावर एक चढवलं की ८४ पुरतं. एका थराला दोन तुकडे, दोन थरांना चार, म्हणजे २४८ इंच, सव्वासहा मीटरच्या आसपास. उरले पावणेदोन-दोन मीटर. झिजतं ते नेसायच्या बाजूला, कासोट्याला, पदर बराचसा शाबूत असतो, तर आत जाणारे चार तुकडे नेसूकडून घ्या आणि पदराकडचं उरलेलं वर घ्या. त्यात सहज ६० चौकोन निघतील. अख्खं लुगडं त्याच गोधडीत राहिलं आणि दिसलंही.

श्रावणी_आपटा

हे फारच सुंदर आहे काका. मग माझी काहीच हरकत नाही :)

कृष्णाकाठ

मास्तर, हे मी गटात सांगणार. त्यात एक जोडते, लुगडं कापू नका, फाडा. काठाला कातरीने अर्ध्या इंचाची चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडायचं, सुती कापड धाग्यावरच फाटतं, पट्टी लावून कापण्यापेक्षा सरळ. मनवा, डावखुऱ्या हाताला याच्यासारखं सोपं काही नाही. फाटलेल्या कडेचे धागे जरा ओढले जातात, म्हणून चौकोनांसाठी पट्टी फाडताना साडेसहाच्या जागी सात इंचाची फाडायची, इस्त्री करून मग नेमकी छाटायची. पण विरलेलं कापड असं फाडू नका, ते कुठेही जातं.

आणि काठ आधी वेगळा काढायचा. काठाचं विणकाम दाट असतं, धुतल्यावर तो मधल्या अंगापेक्षा वेगळा आटतो, चौकोनात अर्धा काठ अर्धं अंग आलं की तो चौकोन पिळल्यासारखा होतो. लांब काठ गुंडाळी करून ठेवला की चारी बाजूंना किनार लावायला येतो.

काळीनदी

मी कर्नाटकातल्या हळियाळची, आमच्याकडे मराठी घरं बरीच आहेत. हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, त्यांच्या बायका कवंदी शिवतात, ती त्यांची गोधडी. ती पद्धत इथे सांगावीशी वाटते कारण त्यात हे चौकोन मोजून कापणं नसतंच. खाली साडीचं अस्तर पसरायचं, एका कोपऱ्यापासून सुरू करायचं, कडेकडेने तुकडे ठेवत, कड आत दुमडत, तिथल्या तिथे धावदोरा घालत गोल फिरत मध्यापर्यंत यायचं. तुकडे जोडणं आणि गोधडी घालणं एकाच वेळी. कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

त्यात पूर्वतयारी नाही असं बघणाऱ्याला वाटतं पण मी जवळून पाहिलंय, तयारी असते ती गाठोड्यात. मोठे तुकडे, पट्ट्या आणि अगदी बारके लाल पिवळे चटकदार तुकडे वेगवेगळे असतात, बारके शेवटी ठिपक्यांसारखे वर येतात. हात घातला की हवं ते मिळालं पाहिजे एवढंच. मनवा, तुझ्या चिंध्यांच्या बोचक्यातून मापाचे चौकोन निघून जे उरेल त्याची अशी एक करून बघ, खूप आनंदाचं काम आहे.

तिरफळ

वाचनखूण साठवली. कोकणातून एक, साठवण्याबद्दल. कापलेले चौकोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जुन्या चादरीत बांधा नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात, मिठाईचे खोके चौकोनाला अगदी मापाचे होतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंड पुरचुंडीत. आणि टाचण्या लावून महिनोन्महिने ठेवू नका, गंजाचा डाग पडतो.

पातळ कापडाला कापण्याआधी खळ दिली की ते सरकत नाही, तांदळाच्या पेजेची सुद्धा चालते, पण खळ दिलेलं कापड लगेच शिवून टाकायचं, ठेवून दिलं की कसर लागते.

एडिसनची_सई

खळीला जोरदार अनुमोदन. रंग जाण्याबद्दल कोणी बोललं नाही का अजून? कापायच्या आधी प्रत्येक गडद कापड तपासा, विशेषतः लाल, मरून, गर्द निळं आणि खण. कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा, रुमालावर रंग आला तर ते कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्याने प्रत्येक रंग पक्का होतोच असं नाही, त्यामुळे मीठ घातलं म्हणून तपासणी सोडू नका. धुतल्यावरही रंग देत राहिलं तर पांढऱ्या-पिवळ्याच्या शेजारी ते नको. बाळाच्या दुपट्यात तर अजिबात नको.

आणि रंग लावताना गडद-फिकं कळत नसेल तर सगळे तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ. हिरवा आणि लाल एकमेकांहून किती वेगळे वाटतात, फोटोत दोन्ही सारखेच करडे येतात कधीकधी आणि मग डिझाइन उठत नाही. डब्यांवर मी रंगाचं नाव लिहितच नाही, गडद, मधलं, फिकं एवढंच लिहिते.

मनवा

किती मिळालं एका दिवसात! कृष्णाकाठ ताई, गटात तुम्ही कापलेलं सामान कसं लावता? आणि बाबांच्या शर्टांना कुठून हात घालू?

कृष्णाकाठ

गटात प्रत्येकीच्या घरी वाकळ वेगळी शिवली जाते, म्हणून एका वाकळीचं सगळं एका गाठोड्यात जातं. वरचे चौकोन, आतले थर घडी करून, अस्तर, गोटाच्या पट्ट्या आणि पुरेसा दोरा, वर चिठ्ठी. यातलं काही नंतर देऊ असं ठेवलं की तीच वाकळ अडते, पाऊण झाल्यावर अस्तर अपुरं पडलं तर तसलंच दुसरं मिळत नाही. गोट लोक विसरतात. तुझ्या मापाला चारी बाजू मिळून २८८ इंच होतात, जाड गोधडीला ३ इंच रुंद पट्टी हवी, ४४ पन्ह्याच्या ८ पट्ट्या काढ, त्याला पाऊण मीटर कापड पहिल्या दिवशीच बाजूला ठेव. सरळ कडेला उरेब पट्टीची गरज नाही, आडवी चालते.

अस्तर चारी बाजूंनी २-२ इंच मोठंच ठेवायचं, टाके घालताना वरचं अंग आत ओढलं जातं. नेमकं मापाचं कापलेलं अस्तर शेवटी हमखास कमी पडतं. जास्तीचं मग छाटता येतं. आणि आतले थर ३-४ च, त्याच्यावर गेलीस तर सुई जात नाही.

मास्तर_सांगली

शर्ट मी सांगतो, माझा विषय आहे. शिलाई उसवत बसू नका, शिलाईच्या कडेकडेने कापून टाका, त्या जाड शिवणी गोधडीत नकोच. सगळ्यात मोठं अखंड कापड पाठीला, त्यातून साडेसहाचे ९ चौकोन आरामात निघतात. पूर्ण बाहीतून ३-४. पुढच्या दोन भागांतून बटणपट्टी आणि खिसा सोडून जे येईल ते. कॉलर, कफ सोडून द्या, आत अस्तर चिकटवलेलं असतं. बटणं काढून ठेवा. रेघांचा शर्ट असेल तर रेघ चौकोनाच्या कडेला समांतर धरा, रेघ जरा तिरकी गेली की गोधडीत लांबून दिसते. खांद्याजवळ आणि काखेत घामाने कापड कमजोर झालेलं असतं, अंगठ्याने ताणून बघाच. खिसा आवडता असेल तर खिशासकट एक चौकोन घ्या, लहान मुलांना फार आवडतो.

एका वेळी चारच्या वर घड्या कापू नका. खालची घडी सरकते.

काळीनदी

त्रिकोण करायचे असतील तर?

एडिसनची_सई

त्रिकोण आधी कापून ठेवूच नका, तिरकी कड उरेब असते, नुसती हाताळून लांबते. ६ इंचाचा तयार चौकोन हवा असेल तर गडद आणि फिका असे सात-सात इंचाचे दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, मागे कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिलाई, मग रेघेवर कापायचं. दोन चौकोन मिळतात, इस्त्री करून साडेसहाला छाटायचे. म्हणून तयारीत सात इंचाचा एक वेगळा गठ्ठा ठेवायचा आणि त्यावर ठळक ७ लिहायचं, साडेसहात मिसळला की शोधणं अवघड.

मनवा

तर असं ठरवतेय. आधी उजेडाकडे धरून आणि ताणून छाननी, धाग्याचा जाळून तपास, मग रंग तपासून धुणं आणि इस्त्री. लुगड्याचे थर मास्तरकाकांच्या हिशोबाने फाडून घ्यायचे, गोट आणि अस्तर त्याच दिवशी बाजूला. चौकोन फक्त १४० आणि थोडे जास्तीचे, बाकी कापड अख्खं ठेवणार. चिंध्या मात्र सईच्या पद्धतीने ५ इंच आणि अडीच इंचात लगेच. दुपट्याला आईची सगळ्यात मऊ साडी, वर जोड नकोच, बाळाच्या अंगाला शिवण लागायला नको.

एकच उरलं. जमिनीवर १४० चौकोन मांडून रंग जुळवले की ते त्याच क्रमाने उचलायचे कसे? घरात मांजर आहे आणि मांडलेलं रात्रभर राहणार नाही.

कृष्णाकाठ

आधी मांडलेल्याचा फोटो काढ. मग एक एक रांग डावीकडून उचलायची, पहिला चौकोन सगळ्यात वर, दुसरा त्याच्याखाली असं. गठ्ठ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून दोरा ओवून सैल गाठ मारायची, कोपरा मायेत जातो म्हणून भोक दिसत नाही आणि चौकोन फिरला तरी वरची बाजू कळते. रांगेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच दोऱ्यात. १४ रांगांचे १४ गठ्ठे होतील, खोक्यात १ नंबर वर ठेव आणि शिवायला एका वेळी एकच बाहेर काढ.